नोबेल मिळालेले गुरांचे औषध

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी आम्हांला भेटायला आला. हाताच्या बोटांच्या बेचक्यांत खाजवून खाजवून त्याने फोड आणले होते. खिशातून त्याने एक लहान बाटली काढली. ते गुरांना टोचायचे आयव्हरमेक्टिन होते. तो म्हणाला, "फादर, ह्ये नोबेल मिळालेलं औषध हाय न्हवं? मग माणसानं घेतलं तर काय बिघडतंय? शेरडांना दोनदा दिलं, पण ती काय सुधरंनात. वाया जाण्यापरीस मीच घेतो म्हटलं."

बाटली आम्ही ठेवून घेतली आणि त्याला डॉक्टरांकडे पाठविले. मात्र त्याच्या बोलण्यातले अर्धे खरे होते. या औषधाच्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले आहे. ते कोणाला, कशासाठी मिळाले आणि गोठ्यातल्या बाटलीशी त्याचा काय संबंध, हे आमच्या शेतकरी बंधुभगिनींना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

स्वीडन देशातील स्टॉकहोम शहरी ५ ऑक्टोबर २०१५ रोजी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याचा अर्धा भाग चीनच्या यूयू तू या बाईंना मिळाला आणि उरलेला अर्धा भाग जपानचे सातोशी ओमुरा व आयर्लंडमध्ये जन्मलेले विल्यम कॅम्पबेल यांच्यात वाटला गेला. तिघांनीही औषधे शोधली होती, आणि तीही गरिबांच्या रोगांवरची. बाईंचे औषध मलेरियावरचे, तर या दोघांचे जंतांवरचे. औषध शोधणाऱ्यांना हा मान यापूर्वीही मिळालेला आहे. क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिनसाठी तो १९५२ साली वाक्समन यांना मिळाला. १९८८ साली ब्लॅक, हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन बाई यांना मिळाला. शरीरातील घडामोडी जाणून घेऊन त्यांना लागू पडेल असे औषध कसे घडवावे, हे त्यांनी दाखविले होते.

सातोशी ओमुरा हे शेतकऱ्याच्या घरचे. त्यांचा जन्म १९३५ सालचा. शिक्षण झाल्यावर ते टोकियोत रात्रशाळेत शिकवू लागले. तेथे दिवसभर कारखान्यात राबून आलेली मुले तेलकट हातांनीच परीक्षेला बसलेली त्यांनी पाहिली आणि आपणही पुन्हा शिकले पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. रसायनशास्त्र शिकून पुढे ते किटासातो संस्थेत मातीतील सूक्ष्म जीवांचा अभ्यास करू लागले. जाईल तेथे खिशात प्लास्टिकची पिशवी असायची आणि चिमूटभर माती तिच्यात भरून यायची.

मृगाची पहिली सर पडली की मातीचा जो वास सुटतो तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो वास बऱ्याच अंशी स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे येतो. वाक्समन यांचे क्षयावरचे औषध याच कुळातून आले. १९७४ च्या सुमारास ओमुरांना कावाना या किनाऱ्यावरच्या गावी, गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत, या कुळातला एक नवा जीव सापडला. इतर अनेक नमुन्यांबरोबर त्यांनी तो अमेरिकेत मर्क कंपनीकडे पाठविला. कॅम्पबेल तेथे जनावरांच्या जंतांवर काम करीत होते. पोटात जंत असलेल्या उंदरांच्या खाद्यात हे नमुने मिसळले गेले, आणि ओमुरांनी पाठविलेल्या एका नमुन्याने उंदरांचे जंत साफ नाहीसे झाले. त्यातल्या द्रव्याला एव्हरमेक्टिन असे नाव दिले गेले. पुढे पुष्कळांनी देशोदेशीच्या मातीत शोध घेतला; पण हे द्रव्य बनविणारा जीव निसर्गात दुसरीकडे सापडल्याचे आमच्या वाचनात नाही.

मातीतून मिळाले तसेच ते औषध मात्र वापरले गेले नाही. कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत एका ठिकाणी हायड्रोजनचे दोन अणू जोडले. बदल एवढाच, पण त्याने औषध अधिक गुणकारी आणि अधिक सुरक्षित झाले. हेच आयव्हरमेक्टिन. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आले.

पुढचा दुवा घोड्याने दिला. घोड्याच्या कातडीत एका जातीच्या जंताची सूक्ष्म पिल्ले असतात, ती या औषधाने मरतात असे दिसून आले. त्याच जंताचा एक भाऊबंद आफ्रिकेत माणसांना आंधळे करीत होता. वेगाने वाहणाऱ्या नद्यांच्या काठी एक काळी माशी असते. ती चावली की जंत माणसाच्या अंगात शिरतात, त्यांची लक्षावधी पिल्ले कातडीत व डोळ्यांत पसरतात, असह्य खाज सुटते आणि शेवटी दृष्टी जाते. नदीकाठची जमीन सर्वांत कसदार, पण लोक ती टाकून कोरड्या माळावर जाऊन राहत. गावोगाव म्हातारे आंधळे, त्यांच्या काठीचे एक टोक धरून नातवंडे पुढे चालत. ज्या मुलाने शाळेत जायचे ते आजोबांचे डोळे होऊन बसे.

कॅम्पबेल यांनी हे औषध माणसांसाठीही तपासावे असा आग्रह धरला. १९८१ साली त्याच कंपनीतले डॉ. मोहम्मद अझीझ यांनी सेनेगल देशात ते प्रथम रोग्यांना दिले. औषध लागू पडले. पण घेणाऱ्यांकडे पैसा नव्हता, आणि त्यांच्या सरकारांकडेही नव्हता. कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांनी ऑक्टोबर १९८७ मध्ये जाहीर केले, की या रोगासाठी जितके लागेल तितके आणि जोवर लागेल तोवर औषध फुकट दिले जाईल. औषध कंपन्यांविषयी आमचे मत एरवी फारसे चांगले नाही. पण हा शब्द पाळला गेला, हे लिहिलेच पाहिजे. मोठे जंत या औषधाने मरत नाहीत, फक्त पिल्ले मरतात. मोठा जंत दहा-पंधरा वर्षे जगतो, म्हणून दरवर्षी गोळी घ्यावी लागते. २०१३ साली कोलंबिया देश या रोगातून मुक्त झाला आणि २०२५ साली नायजर, आफ्रिकेतला पहिला.

यूयू तू बाईंविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण काढे उकळणाऱ्या आपल्या घरांसाठी त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्याकडे ना डॉक्टरकीची पदवी होती, ना पीएच.डी. १९६९ साली चीन सरकारने त्यांना मलेरियावर औषध शोधण्याच्या कामी लावले. दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती तापावर चांगली असे जुने ग्रंथ सांगत. पण तिचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीत बाईंना आढळले, की पाला पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा. उकळण्याचा त्यात उल्लेखच नव्हता. उष्णतेनेच गुण जात असावा असे त्यांनी ओळखले आणि कमी उष्णतेवर उडून जाणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये तो उंदरांवर पूर्ण लागू पडला. रोग्यांना देण्यापूर्वी त्यांनी व दोघा सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. आज गंभीर मलेरियात रुग्णालयात जे आर्टेसुनेट टोचतात, ते याच द्रव्यापासून रसायनशास्त्रज्ञांनी बनविलेले आहे.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. आयव्हरमेक्टिन जंतांना मारते आणि गुरामाणसांना सहसा का मारीत नाही? जंतांच्या आणि कीटकांच्या मज्जातंतूंत व स्नायूंत एक विशिष्ट प्रकारची दारे असतात. औषध ती उघडीच ठेवते, जंत लुळा पडतो आणि मरतो. आपल्या शरीरात ती दारे नाहीत. त्यांच्याशी मिळतीजुळती दारे आपल्या मेंदूत आहेत, पण तेथपर्यंत योग्य मात्रेतले औषध पोहोचू दिले जात नाही. मात्रा फार वाढली की हा अडसर पुरा पडत नाही. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत तो जन्मतःच कच्चा असतो, आणि अशा कुत्र्याला गुरांचे हे औषध दिले तर ते दगावू शकते.

नेहमीच्या १ टक्का औषधाची गुरांसाठी मात्रा ५० किलो वजनाला १ मि.लि. अशी असते. १० मि.लि.च्या बाटलीत १०० मिलिग्रॅम औषध भरते. साठ किलोच्या माणसाला खरजेसाठी डॉक्टर हेच औषध देतात, पण गोळीच्या रूपात आणि एका वेळी १२ मिलिग्रॅमच्या आसपास. बाटली तोंडाला लावणाऱ्याने हा हिशेब करावा.

'नोबेलचे औषध' ही भुरळ २०२१ साली मोठमोठ्यांनाही पडली होती. काचेच्या भांड्यातील पेशींवर ते करोनाच्या विषाणूला रोखते असे २०२० साली दिसले होते; पण तेवढे औषध माणसाच्या रक्तात आणणे शक्यच नव्हते. तरी मे २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या गोव्यात सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना या गोळ्या देण्याचे जाहीर केले. चाचण्यांबाहेर ते करोनासाठी वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच सांगितलेले होते. पुढे २०२२ साली ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि रुग्णालयात भरती होणे त्याने टळत नाही असे आढळले. विषाणूला मज्जातंतू नसतात, तेव्हा ती दारेही नसतात.

याच गोळीचे खरे काम आपल्या देशातही आहे, ते हत्तीरोगावर. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात दोन जुन्या औषधांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्यास सुरुवात झाली. अगदी लहान मुले, गरोदर स्त्रिया व फार आजारी माणसे सोडून सर्वांनी ती कार्यकर्त्यासमोर गिळायची असते. अशी मोहीम आपल्या भागात आली, तर पाय सुजलेला नसला तरी गोळी टाळू नये. जंत वर्षानुवर्षे अंगात गुपचूप राहतात. गिळल्यावर एखाद्याला जो ताप येतो, तो बहुधा जंत मरू लागल्याचा असतो.

गोठ्यातही जपून वापर हवा. कमी मात्रा वारंवार दिली, की जे जंत वाचतात त्यांचीच पुढची पिढी माजते. मेंढ्याशेळ्यांच्या पोटातला रक्त पिणारा जंत १९८० नंतरच्या दशकातच दक्षिण आफ्रिकेत या औषधाला दाद देईनासा झाला. औषध दुधात उतरते, म्हणून दुभत्या जनावराला देण्याआधी गुरांच्या डॉक्टरांना विचारावे आणि लेबलावरचे दिवस पाळावेत. टोचल्यानंतर काही दिवस शेणातूनही ते बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. शेण मातीत कालविणारे हे फुकटचे मजूर आपण गमावू नयेत.

त्या शेतकऱ्याच्या शेळ्या का सुधारत नव्हत्या, तेही कळले. लेंड्या जनावरांच्या दवाखान्यात तपासल्या, तेव्हा त्यांत काळजात राहणाऱ्या चपट्या जंतांची अंडी निघाली. या जंतांवर आयव्हरमेक्टिन चालतच नाही; त्यांचे औषध वेगळे. ते भातखाचरातल्या व डबक्यातल्या गोगलगायींमार्फत पसरतात, आणि त्याच्या शेळ्या नेमक्या खाचराच्या बांधावर चरत होत्या. त्याची स्वतःची खाज खरजेची ठरली. डॉक्टरांनी घरातल्या सर्वांना एकाच वेळी लावायला मलम दिले व अंथरुणे उन्हात टाकायला सांगितली.

ज्यांना शेण किंवा लेंड्या तपासून घ्यायच्या असतील, त्यांनी सकाळी ताजा नमुना, जमिनीला लागलेला नको, स्वच्छ कोरड्या डबीत घ्यावा. डबीवर जनावराची खूण व तारीख लिहावी आणि ऊन चढण्याआधी ती दवाखान्यात पोहोचती करावी. आधी औषध दिलेले असेल तर कोणते आणि कधी, तेही सांगावे. बाटली सोबत नेली तर उत्तमच.