दिवाळीची नानखटाई बेकरीतच का भाजून आणतात? आणि घरच्या कढईत ती जमते का?

दिवाळीच्या फराळाची यादी डोळ्यांसमोर आणा. चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे हे सगळं कढईत तळायचं. लाडवाचं बेसन भाजायचं तेही कढईतच. या यादीत भट्टीत जाणारा पदार्थ जवळपास एकच, तो म्हणजे नानखटाई.

घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा मैदा, तूप आणि साखर घेऊन लोक बेकरी गाठायचे. ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायची, भाजणावळ द्यायची आणि गरमागरम डबा घरी आणायचा. अनेक गावांत हे आजही चालतं.

गोंदियात हा डबा जास्त दिवस का पुरवावा लागतो?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. हलका धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो. त्यात भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात, गावोगावी मंडई सुरू होते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, त्यामुळे लेकी-जावई आणि पाहुण्यांची ये-जा दिवाळी संपली तरी सुरूच असते. म्हणून इथे टिकणाऱ्या फराळाला जास्त किंमत. नानखटाईत पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे ती टिकते.

हे नाव आलं कुठून?

'नान' म्हणजे फारसीत रोटी. 'खताई'चा संबंध चीनच्या जुन्या 'खता' या नावाशी जोडला जातो. सुरतेत डच लोकांची बेकरी होती, ती पुढे दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि तिथून नानखटाई पसरली, अशी कथा सांगितली जाते.

ती खुसखुशीत कशामुळे होते?

उत्तर आहे मोहन. मैद्याला पाणी लागलं की त्यात चिवटपणा येतो. नानखटाईत मैद्याच्या कणांवर आधी तुपाचा थर बसतो, म्हणून तो चिवटपणा तयारच होत नाही.

वरच्या भेगा पडतात त्या सोड्यामुळे. वरचा थर आधी सुकतो, आत सोड्याचा वायू तयार होतो आणि तो वरचा थर फोडतो. सोडा जास्त झाला तर मात्र साबणासारखी चव येते.

बेकरीच्या भट्टीत वेगळं काय?

विटांची भट्टी एकदा तापली की हळूहळू निवते. पाव भाजून झाल्यावर उरलेली मंद, सगळीकडून सारखी लागणारी आच नानखटाईला मानवते. घरी तशीच आच मिळवायची असते.

मग घरी कशी करायची?

२५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम थिजलेलं तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा सोडा आणि वेलचीपूड घ्या.

१. तूप आणि पिठीसाखर पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत फेटा. तूप पातळ असेल तर नानखटाई ट्रेमध्ये पसरते.
२. चाळलेला मैदा, सोडा आणि वेलची घालून गोळा करा. जास्त मळू नका.
३. गोळे करून अंतर ठेवून मांडा.
४. ओव्हन असेल तर तो आधी तापवून १७० अंशांवर १५ ते २० मिनिटं भाजा. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून १० मिनिटं तापवा. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं भाजा.

बाहेर काढताना नानखटाई मऊच लागते. कच्ची आहे असं समजून पुन्हा भाजू नका, गार झाली की ती कडक होते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. नाहीतर वाफ आत कोंडते आणि चार दिवसांत ती मऊ पडते.

तूप की डालडा?

खरा प्रश्न इथे आहे. वनस्पती तूप स्वस्त पडतं आणि लवकर वितळत नाही, म्हणून आकार छान राहतो. पण त्यात ट्रान्स फॅट असू शकतं. ते हृदयविकाराचा धोका वाढवतं. म्हणूनच भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे.

पाकिटावर हा आकडा वाचता येतो, सुट्या वनस्पती तुपावर तो कुठे वाचणार? बेकरीत भाजायला द्यायचं असेल तरी तूप घरचं न्या. भट्टी त्यांची असली तरी डबा मंडईपर्यंत आपल्याच घरातली पोरंबाळं आणि पाहुणे खाणार आहेत.