वृद्ध श्वसनरुग्णांच्या समजुती आणि इनहेलरचा वापर : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : सीओपीडी, इनहेलर, औषधविषयक समजुती, वार्धक्य

१. प्रस्तावना
पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे हा औद्योगिक पट्टा चाकणपर्यंत विस्तारला. आरंभीच्या दशकांत येथे नोकरीस लागलेली कामगारांची पिढी आज वार्धक्यात आहे. धूम्रपान, कारखान्यातील धूळ व धूर आणि घरातील चुलीचा धूर ही सीओपीडी या दीर्घकालीन फुप्फुसविकाराची ज्ञात कारणे होत. भारतात २०१६ मध्ये त्याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. इनहेलर हा उपचाराचा मुख्य आधार असूनही अनेक रुग्ण तो नियमित वापरत नाहीत. त्यामागील समजुतींचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. गरज आणि धास्ती
रॉबर्ट हॉर्न व जॉन वाइनमन यांनी १९९९ मध्ये मांडल्यानुसार, रुग्ण औषधाची गरज आणि औषधाविषयीची धास्ती या दोन गोष्टी मनाशी तोलत असतो.

‘वय झाले, धाप लागणारच’ असे मानणाऱ्यास औषधाची गरजच वाटत नाही. तात्काळ आराम देणाऱ्या पंपाचा गुण काही मिनिटांत जाणवतो. रोज घ्यावयाच्या औषधाचा परिणाम तसा जाणवत नाही, म्हणून तेच प्रथम सुटते.

धास्तीचे स्वरूप निराळे आहे. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप हा शेवटचा उपाय’, ‘औषध जहाल असते’ या समजुती सर्वत्र ऐकू येतात. पुष्कळदा निदान उशिरा होते व आजार बळावल्यावरच पंप हाती येतो. त्यामुळे पंप आणि अखेर यांचे नाते मनात जुळते. वस्तुतः साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे २० ते ४० पट. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने अल्प मात्रा पुरते.

३. समजूत आणि तंत्र
फवाऱ्याच्या पंपासाठी श्वास सावकाश व खोल, तर कोरड्या पावडरीच्या साधनासाठी जोरदार व खोल घ्यावा लागतो. संधिवाताने आखडलेली बोटे आणि क्षीण श्वास यांमुळे वृद्धांना हे अवघड जाते. औषध घशातच राहते, गुण येत नाही आणि ‘पंप लागू पडत नाही’ ही समजूत दृढ होते. अशा रीतीने तंत्रातील दोष समजुतीला पुरावा पुरवितो.

४. उपाययोजना
सूचना देण्यापूर्वी ‘या औषधाविषयी आपणांस काय वाटते?’ असे विचारणे इष्ट होय. त्यानंतर रुग्णाकडून प्रत्यक्ष कृती करवून घ्यावी, फवाऱ्याच्या पंपास आवश्यकतेनुसार स्पेसर जोडावा आणि स्टेरॉइडयुक्त औषधानंतर चूळ भरण्यास सांगावे. यंत्र बंद पडण्यापूर्वीच त्यास वंगण द्यावे लागते, हे निवृत्त कामगार जाणतो. रोजच्या औषधाचे महत्त्व त्यास याच दाखल्याने पटविता येईल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेस ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहकार्याने व वैद्यकीय मार्गदर्शनाखाली असे कार्य हाती घेता येईल.

५. समारोप
इनहेलर टाळणारा रुग्ण केवळ अज्ञानी नसतो. तो स्वानुभवावरून निष्कर्ष काढीत असतो. तो अनुभव समजून न घेता दिलेली चिठ्ठी कपाटातच राहते, आणि आजार उफाळून रुग्णालयात दाखल होण्याची वेळ रुग्णावर येते.