जरा हळू, टोड रस्ता ओलांडतोय!

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला, की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतोच, ‘चला, आंबोली!’ धबधबा, गरमागरम भजी, रील्स... सगळा प्लॅन तयार. पण याच पावसाची आणखी एक जण वाट बघत असतो. जेमतेम अंगठ्याएवढा!

त्याचं नाव आंबोली टोड. टोड म्हणजे बेडकाचाच खरखरीत कातडीचा भाऊबंद. याच्या कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असतात, म्हणून शास्त्रीय नावही ‘झँथोफ्राइन टायग्रिना’. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याची जगाला ओळख करून दिली. तेव्हा तुमच्यातले बरेच जण बालवाडीत असतील! त्याच्या गटातला दुसरा टोड कोयनेचा. दोघंही अस्सल महाराष्ट्राचे.

नाव मिळण्यात एवढं काय, असं वाटेल. पण ज्याची नोंदच नाही, त्याला वाचवणार कसं? आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या उगमातल्या एका माशाचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. संशोधनाची ताकद ही अशी असते.

टोडचं सगळं गणित पावसावर. तो अंडी घालतो ती सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, उथळ डबक्यांत. पाऊस खंडला, की डबकं आटतं, पिल्लं संपतात. त्यात आपल्याला सडा म्हणजे नुसता ओसाड दगड वाटतो. तिथेच आपण गाडी लावतो, डबक्यात बूट बुडवतो. रात्री रस्त्यावर आलेले बेडूक तर टायरखाली चिरडतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग आंबोलीला जायचंच नाही का? जा की! फक्त पावसाळी रात्री गाडीचा वेग कमी ठेवा. सड्यावर चालताना पायाखाली बघा. बेडूक दिसला तर हातात घेऊ नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते, तुमच्या हाताचं सॅनिटायझर आणि क्रीमसुद्धा. लांबून फोटो काढा, तारीख आणि ठिकाणासह ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका. अशा नोंदी अभ्यासकांच्या कामी येतात. आणि शक्य असेल तर गावातल्याच जाणकार गाइडबरोबर फिरा. त्यांचं घर बेडकांमुळे चालायला लागलं, तर सडा जपायला अख्खं गाव उभं राहील.

यंदा ग्रुपवर ‘चला, आंबोली!’ आलं, तर खाली एवढंच टाका, ‘चला, पण हळू!’