परतीचा पत्ता कुठे लिहिला आहे?

बारावी सायन्सला बायफोकल म्हणून संगणकशास्त्र घेतलं की दुसऱ्या पेपरात इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर येतो. महाराष्ट्रातल्या कित्येक बॅचेस त्यावर तयार झाल्या. शहापूर-मुरबाडमधून जी मुलं हा विषय घेतात, त्यांची फंक्शन कॉलशी पहिली गाठ इथेच पडते, ‘कॉल’ आणि ‘रिटर्न’ या दोन इन्स्ट्रक्शनपाशी. पुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात. त्या ओळी नीट लिहिलेल्या असतील तर मूल पुढे कितीही भाषा शिको, पाया पक्का राहतो. मोघम असतील तर पाठांतरावर मार्क मिळतात आणि विषय तिथेच सुटतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये फंक्शन कॉल कसा घडतो हे लोकांनी आजवर कसं लिहून ठेवलं आणि काय लिहायचं राहून गेलं, त्याचा हा आढावा.

आधी ८०८५ जवळून बघू. सगळे आकडे हेक्साडेसिमल. समजा, कॉलची इन्स्ट्रक्शन २००३ या पत्त्यावर आहे आणि सबरूटीन, म्हणजे बोलावलं जाणारं फंक्शन, २०५० वर. इन्स्ट्रक्शन तीन बाइटची, म्हणजे तिच्यानंतरची २००६ वर. स्टॅक पॉइंटर २१०२ दाखवतो आहे. कॉल झाला की २००६ मधला वरचा बाइट, म्हणजे २०, हा २१०१ मध्ये जातो. खालचा, म्हणजे ०६, हा २१०० मध्ये. स्टॅक पॉइंटर २१०० वर येतो आणि काम २०५० पासून सुरू होतं. रिटर्न हेच उलट्या क्रमाने करतं. सबरूटीनमध्ये एक पुश केला आणि त्याचा पॉप विसरला, तर रिटर्नच्या हाती २००६ ऐवजी भलताच आकडा लागतो आणि प्रोग्रॅम कुठेही भरकटतो. स्टॅकच्या या जागांचे चौकोन ज्याने वहीत एकदा स्वतः आखले, त्याला ‘स्टॅक’ म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही.

८०८५ चं किट हाताशी नसेल तर हाच प्रोग्रॅम सिम्युलेटरवर चालवतात. श्रीधर रत्नकुमार यांनी २००३ साली लिहिलेला जीएनयूसिम८०८५ हा त्यातला फुकट मिळणारा आणि चांगला. तिथे खरा ८०८५ कुठेच नसतो. असतं ते त्याचं लिखित वर्णन आणि त्या वर्णनाबरहुकूम वागणारा एक प्रोग्रॅम. म्हणजे व्यवहारात ते व्हर्च्युअल मशीनच झालं. अशा मशीनचं वर्णन चुकलं तर मशीनच चुकतं, कारण तपासून बघायला खाली दुसरी चिप नसते.

शहापूर-मुरबाडच्या आमच्या भागात याला आणखी एक बाजू आहे. आसनगाव-खर्डीहून लोकल तरी आहे. मुरबाडला रेल्वे अजून नाही, कल्याणपर्यंत एसटी धरावी लागते. डोळखांब किंवा टोकावड्याच्या मुलाला कंपायलर कोळून प्यायलेला माणूस विचारायला जवळ सापडत नाही. त्याच्यापाशी असतो तो कागद, नाहीतर मोबाइलवर उतरवून घेतलेली पीडीएफ. म्हणून कागदाची प्रत हा माझ्या लेखी हौसेचा विषय नाही. कोणाला आत येता येईल आणि कोण उंबऱ्याबाहेर राहील, हे त्यावर ठरतं.

कागदावर काय हवं? बऱ्याच गावांत लग्नकार्यासाठी गावकीची भांडी असतात. टोप, पराती, झारे कोणी नेले, किती नेले, परत कोणी आणायचे आणि घासून कोणी द्यायचे, हे ठरलेलं असतं. फंक्शन कॉलचा करार असाच असतो. मूल्यं कोणी, कुठल्या क्रमाने ठेवायची. परतीचा पत्ता कुठे राहणार. निकाल कुठे मिळणार. आणि काम झाल्यावर स्टॅक कोणी साफ करायचा, बोलावणाऱ्याने की बोलावलेल्याने. हा शेवटचा प्रश्नच बहुतेक वर्णनांत गाळलेला असतो.

केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक हा संगणक चालू झाला, तेव्हा त्याला स्टॅक नव्हता. डेव्हिड व्हीलर यांनी युक्ती काढली की उडी मारण्याआधी परतीची खूण अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ठेवायची आणि सबरूटीनने त्यावरून स्वतःच्या शेवटी परतीची इन्स्ट्रक्शन तयार करून घ्यायची. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांचं १९५१ चं पुस्तक त्या लायब्ररीतल्या सबरूटीनची वर्णनंही देतं. वापरणाऱ्याने आतला कोड न वाचता तो वापरावा, ही अपेक्षा तेव्हापासूनची.

या आढाव्यात मला सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो तो झुरिकच्या पी-कोडबद्दल. निकलाउस विर्थ यांची पास्कल भाषा दुसऱ्यांच्या संगणकांवर न्यायची होती आणि प्रत्येक संगणक वेगळा. मार्ग असा निघाला की कंपायलरने एका काल्पनिक स्टॅक मशीनसाठी कोड द्यायचा आणि ते मशीन ज्याने त्याने आपापल्या संगणकावर उभं करायचं. त्यासाठी १९७४ च्या अखेरीस ईटीएच झुरिकने पास्कल-पी कंपायलरच्या अंमलबजावणीच्या टिपणांची पुस्तिका काढली. १९७६ मध्ये ती सुधारली. लेखकांत पहिलं नाव आहे केशव नोरी यांचं. आम्मान, येन्सन, नेगेली आणि याकोबी ही नावं त्यांच्यामागून येतात. हेच नोरी पुढे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये काम करत होते. डिसेंबर १९८७ मध्ये सैद्धांतिक संगणकशास्त्राची वार्षिक भारतीय परिषद पुण्यात भरली, तिच्या निबंधांचं संपादनही त्यांचंच. व्हर्च्युअल मशीनच्या इतिहासात इतक्या मुळाशी असलेला माणूस पुण्यात काम करून गेला, हे आपल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.

या काल्पनिक मशीनचा, म्हणजे पी-मशीनचा, कॉल दोन टप्प्यांत होतो. ‘मार्क स्टॅक’ ही इन्स्ट्रक्शन आधी पाच जागा राखून ठेवते: फंक्शनच्या निकालासाठी एक, भाषेच्या रचनेनुसार बाहेरच्या फंक्शनकडे नेणाऱ्या दुव्यासाठी एक, प्रत्यक्ष बोलावणाऱ्याकडे नेणाऱ्या दुव्यासाठी एक, स्टॅकच्या मर्यादेसाठी एक आणि परतीच्या पत्त्यासाठी एक. मग पॅरामीटरची मूल्यं स्टॅकवर चढतात. त्यानंतर दुसरी इन्स्ट्रक्शन येते, पॅरामीटरनी किती जागा घेतली आणि फंक्शन कुठे सुरू होतं हे घेऊन. ती परतीचा पत्ता राखलेल्या जागेत लिहिते आणि उडी मारते. या मशीनचा इंटरप्रिटर पास्कलमध्येच लिहिलेला होता. वर्णन वाचून शंका उरली तर तो वाचायचा. सॅन डिएगोच्या विद्यापीठात केनेथ बोल्स यांच्या गटाने हीच कल्पना मायक्रोकॉम्प्युटरवर नेली. झुरिकपासून हजारो मैलांवर, एका बाडाच्या भरवशावर हे घडलं.

जावा आली १९९५ ला आणि लिंडहोम-येलिन यांचं जावा व्हर्च्युअल मशीनचं स्पेसिफिकेशन १९९६ ला. माझ्या मते इन्स्ट्रक्शन कशी लिहावी याचा तो आजही वस्तुपाठ आहे. प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा नमुना एकच: ती काय करते, बाइट कसे मांडलेत, स्टॅक आधी कसा आणि नंतर कसा, सविस्तर वर्णन, जोडणीच्या वेळी येऊ शकणाऱ्या चुका, चालताना येऊ शकणाऱ्या चुका, टिपा. कॉलसाठी आधी चार इन्स्ट्रक्शन होत्या, इन्व्होक-व्हर्च्युअल, स्पेशल, स्टॅटिक आणि इंटरफेस. पाचवी, डायनॅमिक, २०११ साली जावा ७ मध्ये आली. इन्व्होक-इंटरफेसमध्ये पॅरामीटरची मोजणी सांगणारा एक बाइट आहे, जो खरं तर अनावश्यक आहे. तीच माहिती दुसरीकडून मिळते. त्याच्यापाठचा बाइट कायम शून्य. दस्तऐवज हे लपवत नाही, दोन्ही बाइट का उरले त्याचं कारण सरळ देतो. शिकणाऱ्याला याचा मोठा आधार असतो. नाहीतर तो दिवसभर त्या शून्याचा अर्थ शोधत बसतो. उलट जेएसआर आणि रेट ही सबरूटीनची जुनी जोडी कोड तपासणाऱ्या व्हेरिफायरच्या वाटेत इतकी आडवी आली की जावा ७ च्या क्लास फाइलपासून तिला मनाईच झाली.

गावोगावच्या अँड्रॉइड फोनमध्ये डाल्विक या व्हर्च्युअल मशीनचा बाइटकोड, म्हणजे त्या मशीनच्या इन्स्ट्रक्शन, असतो. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून तो चालवण्याचं काम एआरटी या नव्या रनटाइमकडे गेलं, तरी स्वरूप तेच राहिलं. इथे स्टॅकऐवजी रजिस्टर. पॅरामीटर येतात ते फंक्शनच्या फ्रेममधल्या शेवटच्या रजिस्टरमध्ये, आणि निकाल हवा असेल तर कॉलच्या लगेच पुढची इन्स्ट्रक्शन तो उचलणारीच असावी लागते. हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ब्राझीलच्या लुआ भाषेत मात्र बाइटकोडचं वर्णन मुख्यतः सोर्स कोडमधल्या टिप्पण्यांत दडलेलं. बाहेरच्या माणसाने स्वतंत्र पुस्तिका लिहिली तेव्हा अनेकांना वाट सापडली. पायथन तर आपला बाइटकोड हा आतला मामला असल्याचं सांगून मोकळा होतो. ३.११ मध्ये कॉलसाठी ‘प्रीकॉल’ नावाची जोडइन्स्ट्रक्शन आली आणि ३.१२ मध्ये गेलीसुद्धा. पायथन घडवणाऱ्यांचा हा हक्क मान्य आहे. पण जुनं पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाचे हाल होतात.

इथेरियम या ब्लॉकचेनच्या व्हर्च्युअल मशीनशी मुंबईचं नातं आहे. २०१७ मध्ये जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी सुरू केलेलं मॅटिक, आताचं पॉलिगॉन, याच मशीनवर उभं आहे; त्यांच्या चाचणीच्या नेटवर्कचं नावच कित्येक वर्षं ‘मुंबई’ होतं. इथे कॉल इन्स्ट्रक्शन स्टॅकवरून सात मूल्यं उचलते आणि एकच ठेवते, यश असेल तर १, नाहीतर ०. आतला कॉल फसला तरी बाहेरचा प्रोग्रॅम आपोआप थांबत नाही; ते शून्य बघणं लिहिणाऱ्याची जबाबदारी. ‘डेलिगेट कॉल’ तर दुसऱ्याचा कोड आपल्याच साठ्यावर चालवते. पॅरिटी वॉलेट याच सोयीवर उभी होती, आणि त्यांचा सामाईक कोड नोव्हेंबर २०१७ मध्ये कोणीतरी मालकी घेऊन नष्ट केला. ५ लाख १३ हजारांहून अधिक इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, अडकून पडले. इन्स्ट्रक्शनचं वर्णन चुकीचं नव्हतं. पण दुसऱ्याचा कोड नाहीसा झाला तर आपल्या कॉलचं काय होईल, हा प्रश्न वापरणाऱ्यांच्या कागदावर ठळक नव्हता.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी कंपायलरची आतली रचना शिकवण्यासाठी कार्यशाळा घेतल्या, साहित्य खुलं ठेवलं. जीसीसी ज्या मशीनसाठी कोड देतो ते व्हर्च्युअल नाही, पण काम याच जातीचं. मराठीत तसं साहित्य हवं, आणि सुरुवात एकेका इन्स्ट्रक्शनच्या नोंदीने करता येईल. इन्व्होक-स्टॅटिकची नोंद मी अशी लिहीन: “आधी स्टॅकवर: पहिलं मूल्य, त्यावर दुसरं, अशा क्रमाने सर्व पॅरामीटर. काय घडतं: क्लास अजून तयार नसेल तर आधी तो तयार होतो. मूल्यं स्टॅकवरून निघतात आणि नव्या फ्रेममध्ये स्थानिक व्हेरिएबल ० पासून बसतात. लाँग आणि डबल दोन-दोन जागा घेतात. नंतर स्टॅकवर: फंक्शन काही परत देत असेल तर तेवढा निकाल, नाहीतर काहीच नाही. साफसफाई: बोलावणाऱ्याला काही करावं लागत नाही. चुका: फंक्शन स्टॅटिक नसेल तर जोडणीच्या वेळीच अडतं, क्लास तयार होताना फसला तर ती चूक इथे वर येते.” याखाली ८०८५ सारखं आकड्यांसह एक उदाहरण, स्टॅकचे चौकोन काढून. मग उरलेल्या चार कॉलची पानं, आणि त्यानंतर डाल्विकची, कारण तो मुलांच्या खिशात आहे.