लखुजीरावांच्या समाधीखाली

25 जुलै 1629. देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी मुजऱ्याला आलेले लखुजीराव जाधव, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव या चौघांना दगा करून कापून काढलं गेलं. एका घराण्याच्या तीन पिढ्या, एकाच दिवशी, एकाच छताखाली. लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते, पुन्हा निजामशाहीत परतले होते. अशा मातब्बर सरदाराचा धाक वाटतो आणि त्याचा भरवसाही वाटत नाही. गडाबाहेर छावणीत असलेली घरची मंडळी तेवढी सिंदखेडच्या दिशेनं निसटली.

हे कुठं घडलं ते ध्यानात घ्या. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. पूर्वजांचा म्हणून जो गड त्यांनी मानला, त्याच गडावर त्यांचं रक्त सांडलं.

आपलं धाड गाव बुलडाणा जिल्ह्याच्या कडेला, जालन्याच्या शिवेजवळ वसलेलं. इथून नैर्ऋत्येला गेलं की देवगिरी, दक्षिणेला जाफराबादवरून उतरलं की सिंदखेडराजा. मृत्यूची जागा आणि स्मारकाची जागा अशा दोन्ही वाटा आपल्या दारातून फुटतात. तरीही आपल्यातले बहुतेक जण 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिवशी, राजवाड्यावर माथा टेकवून माघारी फिरतात. त्याच गावात त्यांच्या वडिलांची भव्य घुमटाची समाधी उभी आहे. हिंदू राजाची देशातली सर्वात मोठी समाधी हीच, असं गावकरी अभिमानानं सांगतात. तिच्यापुढं उभं राहिल्यावर माणूस त्यांच्याशी वाद घालत नाही.

ही समाधी नीट कळायची तर मनानं एकदा कोरियात जाऊन यावं. तिथं 1392 ते 1910 अशी पाचशेहून अधिक वर्षं जोसोन घराण्यानं राज्य केलं. या घराण्याच्या 18 ठिकाणच्या 40 राजसमाध्या 2009 साली जागतिक वारसा यादीत गेल्या. त्या बघताना थक्क करते ती त्यांची शिस्त. पाठीशी डोंगर, पुढं पाणी, तोंड शक्यतो दक्षिणेला, आणि जागा राजधानीपासून एका दिवसात गाठता येईल अशी, म्हणजे नव्या राजाला विधीसाठी जाऊन यायला सोपं. आधी लाल खांबांचं दार लागतं. तिथून दगडी फरसबंदीच्या दोन वाटा जोडीनं पुढं जातात. एक थोडी उंच, ती मृतात्म्याची. दुसरी किंचित खालची, ती जिवंत राजाची. सिंहासनावर बसलेल्या माणसानंसुद्धा इथं खालच्या वाटेनं चालायचं! वर हिरवळीचा गोल उंचवटा, भोवती दगडी अधिकारी, सेनापती, घोडे, मेंढे, वाघ. पहिला राजा तेजो 1408 मध्ये वारला. त्याच्या समाधीवर मात्र नेहमीची हिरवळ नाही. त्याच्या उत्तरेकडच्या मुलखातून आणलेलं तुऱ्याचं उंच गवत तिथं आजही डोलतं.

पण त्या 40 मध्ये एक समाधी शिस्तीबाहेरची आहे, आणि मला तीच जवळची वाटते. दानजोंग पोरवयात राजा झाला. 1455 मध्ये सख्ख्या काकानं त्याचं सिंहासन बळकावलं, दूर डोंगरात योंगवोलला हद्दपार केलं, आणि 1457 मध्ये सोळा वर्षांच्या त्या मुलाचा जीव घेतला गेला. प्रेताला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ऑम हुंग-दो नावाच्या एका स्थानिक अंमलदारानं ते गुपचूप उचलून पुरलं. दानजोंगला पुन्हा राजा म्हणून मान मिळाला तो थेट 1698 मध्ये. म्हणून त्याची समाधी राजधानीजवळ नाही. बाकीच्या समाध्या राजसत्तेनं जागा निवडून, मुहूर्त बघून बांधल्या. ही सत्तेच्या डोळ्याआड एका माणसाच्या धैर्यानं झाली.

सिंदखेडची समाधी मला याच गोत्राची वाटते. ज्या दरबारात आयुष्य घातलं, त्याच दरबारानं मारलेल्या माणसांसाठी घरच्यांनी आपल्या गावात एवढा मोठा घुमट उभा करायचा, ही गोष्ट लहान नाही. एक मात्र ध्यानात ठेवायचं. कोरियात मातीखाली प्रत्यक्ष देह असतो. आपल्याकडं अग्नी देतात, त्यामुळं समाधी ही देहाची नसते, आठवणीची असते. आठवण ठेवायची की नाही, आणि किती उंच ठेवायची, हे मागं राहिलेली माणसं ठरवतात.

आणि मागं कोण राहिलं होतं? वडील, दोन भाऊ आणि भाचा एका दिवसात गमावलेल्या जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सात महिने पुरे होण्याआधीच, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले. पुढं या कुटुंबाच्या समाध्याही विखुरल्या: शहाजीराजांची कर्नाटकात होदिगेरेला, जिजाऊंची पाचाडला, शिवरायांची रायगडावर. जोसोनांसारखं एका राजधानीभोवती गोळा होणं त्यांच्या नशिबी नव्हतं. जिथं देह पडला, तिथं दगड रचला गेला.

आता जमिनीखालचं. 1971 मध्ये कोरियात गोंगजू इथं जुन्या थडग्यांत पाणी झिरपू नये म्हणून चर खणताना विटांची भिंत लागली. आत बेकजे राज्याचा राजा मुर्योंग, 523 मध्ये वारलेला, शतकानुशतकं कुणी न छेडलेला. शिळेवर त्याचं नाव होतं. दुसऱ्या शिळेवर चक्क खरेदीखत होतं: ही जमीन भूमिदेवतांकडून पैसे मोजून घेतली! वर खरी नाणी ठेवलेली. राजा असूनही त्याला जमिनीच्या धन्याला मोल द्यावंसं वाटलं, हे वाचून मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो. ते उत्खनन मात्र एका रात्रीत घाईनं उरकलं गेलं, आणि त्याची हळहळ तिथले अभ्यासक अजून व्यक्त करतात.

सिंदखेडराजातही असाच अचानक शोध लागला. 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नागपूर मंडळाकडून लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना काही दगड दिसले. खणत गेल्यावर मंदिराचा पाया लागला, मग सभामंडप, आणि सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णू. मूर्ती 1.70 मीटर लांब, सुमारे मीटरभर उंच. लक्ष्मी पाय चेपते आहे, आणि पटावर समुद्रमंथनाचा देखावा, त्यात अश्व आणि ऐरावत. घाई न करता, थराथरानं ती वर आली, याचं फार समाधान वाटतं.

तिच्या दगडाकडं जरूर बघा. आपल्या बुलडाण्याचा दगड म्हणजे कठीण काळा बेसाल्ट, त्यात दागिन्याचा मणी न् मणी कोरायचा म्हणजे छिन्नीची परीक्षा. ही मूर्ती क्लोराइट शिस्टची आहे. हा मऊ दगड दक्षिणेत होयसळांच्या शिल्पकारांनी हाताळला, म्हणून तर त्यांच्या मूर्तींवर इतकी बारीक नक्षी उमटते. म्हणजे जाधवांच्या कितीतरी आधी या गावात असं कुणीतरी होतं, ज्याची ऐपत आणि हौस अशा दगडापर्यंत आणि तो कोरणाऱ्या हातांपर्यंत पोचत होती.