शिडी धरणाऱ्याचा दोष

नोकरीत सांगितलेले काम आणि आपला धर्म यांचा खटका उडाला तर कॅथोलिक माणसाने काय करायचे, याचे तयार उत्तर ख्रिस्तसभेकडे नाही. उत्तर शोधण्याची रीत मात्र आहे, आणि ती कित्येक शतके घासूनपुसून घेतलेली आहे. कर्मचाऱ्याचा हात त्या कृत्याच्या किती जवळ पोचला आणि मनाने त्याला होकार दिला का, या दोन गोष्टी ती तपासते.

त्यातला सर्वांत सौम्य प्रश्न रविवारचा. रविवारी मिस्सेला हजर राहणे आणि उपासनेच्या आड येणारी कामे टाळणे हे कॅथोलिकांचे कर्तव्य आहे. 1983 च्या धर्मसंहितेत ते स्पष्ट लिहिले आहे. वसईत चर्च हाकेच्या अंतरावर असते, पाळी संपवूनही मिस्सा गाठता येते. मराठवाड्यात तसे नाही. परभणी जिल्हा 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, आणि तिथली कॅथोलिक वस्ती विरळ, विखुरलेली आहे. याच जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे, त्याला जोडून जलविद्युत केंद्र आहे. धरणाचे दरवाजे, वीजकेंद्र, ग्रामीण रुग्णालय, एसटी यांच्या पाळ्या वार बघून लागत नाहीत. अशा लोकोपयोगी कामासाठी रविवार मोडला तर ख्रिस्तसभा त्याला पाप म्हणत नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, आणि योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचे फादर सूटही देऊ शकतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे हाही त्यांच्या मागणीमागचा एक आधार होता. मराठी कॅथोलिक ज्या सुट्टीत मिस्सेला जातो तिचे थोडे श्रेय असे जेजुरीलाही जाते.

मराठी मुलखात पेच पडतो तो खंडेनवमी-दसऱ्याला. कारखान्यात, आगारात, वीजकेंद्रात यंत्रे धुतली जातात, हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. कचेरीत सत्यनारायण असतो. कॅथोलिक फिटरने यंत्र पुसून लखलखीत करावे, माळेसाठी सुतळी आणावी, सहकाऱ्यांबरोबर आदराने उभे राहावे, यात धर्माला बाधा येत नाही. पूजेला यजमान म्हणून बसणे ही मात्र उपासना झाली, आणि उपासना फक्त एका देवाची, ही पहिली आज्ञा आहे. प्रसादाचा प्रश्न तर पहिल्या शतकाइतका जुना आहे. मूर्तीपुढे ठेवलेले मांस खावे का, असे करिंथच्या ख्रिस्ती लोकांनी विचारले, तेव्हा संत पौलाने सांगितले की अन्नात दोष नाही, पण आपल्या खाण्याने दुसऱ्याची श्रद्धा डळमळत असेल तर खाऊ नये. म्हणूनच एका कॅथोलिक घरात शेजारचा प्रसाद आनंदाने खाल्ला जातो आणि दुसऱ्या घरात तो हात जोडून बाजूला ठेवला जातो. दोन्ही घरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

बायबलच्या जुन्या करारातला नामान हा या कोंडीचा मूळपुरुष म्हणता येईल. सिरियाच्या राजाचा हा सेनापती कुष्ठरोगातून बरा झाला आणि यापुढे इस्राएलच्या देवालाच भजेन असे त्याने ठरवले. पण त्याची एक अडचण होती. राजा रिम्मोन देवाच्या मंदिरात जाई तो नामानच्या हाताचा आधार घेऊन, आणि राजा वाकला की नामानलाही वाकावे लागे. त्याबद्दल देवाने क्षमा करावी, अशी विनंती त्याने अलीशा संदेष्ट्याला केली. संदेष्ट्याने त्याला नोकरी सोडायला सांगितले नाही. शांतीने जा, एवढाच निरोप दिला. आरंभीची ख्रिस्तसभा इतकी उदार नव्हती. हिप्पोलितस या रोमच्या धर्माचार्याच्या नावावर असलेल्या एका प्राचीन नियमावलीत बाप्तिस्मा मागणाऱ्यांच्या धंद्यांची यादीच आहे: मूर्ती घडवणाऱ्याने धंदा सोडावा, ग्लॅडिएटरनेही सोडावा. मुलांना शिकवणाऱ्या मास्तरानेही सोडलेले बरे, कारण त्या काळच्या शाळेत देवदेवतांच्या कथा शिकवाव्या लागत. पण दुसरा धंदा येत नसेल तर त्याला राहू द्यावे. पोटाचा विचार इतक्या कडक यादीतही सुटलेला नाही.

विसाव्या शतकात हाच प्रश्न जपानमध्ये पेटला. टोकियोच्या सोफिया या कॅथोलिक विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी 1932 मध्ये यासुकुनी देवस्थानापुढे झुकायला नकार दिला आणि मोठा गदारोळ झाला. सरकारने सांगितले की हे वंदन देशभक्तीचे आहे, धर्माचे नाही. रोमने 1936 मध्ये तो अर्थ मान्य करून कॅथोलिकांना अशा समारंभांना जाण्याची मुभा दिली. लष्करशाही जोरात असलेल्या देशात दिलेल्या या परवानगीत मुत्सद्देगिरी किती आणि तत्त्व किती, हा वाद अजून संपलेला नाही.

भारतात या प्रश्नावर अलीकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला एका प्रॉटेस्टंट लष्करी अधिकाऱ्याचा होता. आपल्या तुकडीच्या धार्मिक परेडला तो जवानांबरोबर जाई, पण मंदिराच्या गाभाऱ्यात जाऊन पूजाविधी करायला त्याने नकार दिला. 2021 मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नंतर नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बडतर्फी कायम ठेवली. त्याच्याच पंथाच्या पास्टरने आत जाण्यात गैर नाही असे सांगितले होते, ही गोष्ट न्यायालयाने त्याच्या विरोधात धरली. कॅथोलिक विचाराला हे सहज पटणारे नाही. धर्मगुरूचा सल्ला मोलाचा असला तरी नीट घडवलेल्या सदसद्विवेकबुद्धीचा निर्णय शेवटी ज्याचा त्यानेच पाळायचा असतो, असे ती परंपरा मानते.

मनाच्या होकाराचा आणि हाताच्या अंतराचा सर्वांत काटेकोर हिशेब मांडला गेला तो एका नोकराच्याच उदाहरणावरून. मालक कुमारिकेवर बलात्कार करण्यासाठी खिडकीतून चढतो आहे, हे ठाऊक असूनही नोकर भीतीपोटी खांदा देतो किंवा शिडी धरतो. त्याचे पाप गंभीर नाही, असे काही सैल विचाराचे पंडित म्हणत. पोप अकरावे इनोसंट यांनी 1679 मध्ये हे मत धिक्कारले. पुढे अठराव्या शतकात संत आल्फोन्सस लिगोरी यांनी सहकार्याचे दोन प्रकार नेमके केले. दुष्कृत्य करणाऱ्याच्या हेतूलाच होकार देणारा कधीही दोषमुक्त नाही. हेतू न पटता केवळ कामाचा भाग म्हणून ज्याचा हात लागतो त्याच्याबाबत हात किती जवळचा, नकाराची किंमत काय आणि त्याच्यावाचून ते कृत्य घडले असते का, हे पाहायचे.

रुग्णालयात हा हिशेब रोज करावा लागतो. गर्भपात कॅथोलिक शिकवणीत गंभीर पाप आहे, आणि जाणूनबुजून तो घडवणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा आपोआप लागू होते. ज्याच्यावाचून तो झालाच नसता असा साथीदारही तिच्या कक्षेत येऊ शकतो. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर थेट कर्ता ठरतो. सुरी हातात देणारी परिचारिका त्याच्या अगदी जवळची. नंतर त्या रुग्णाचा रक्तदाब मोजणारी, चादर बदलणारी, केसपेपर काढणारा कारकून हे क्रमाने दूर जातात, आणि रुग्णाची शुश्रूषा तर सत्कृत्यच आहे. गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भामुळे बाईचा जीव धोक्यात असेल तर ती नलिका काढणे बहुतेक कॅथोलिक नीतिशास्त्रज्ञ मान्य करतात, कारण उपचार बिघडलेल्या अवयवावर होतो आणि गर्भाचा मृत्यू हा हेतू नसतो.

कायदा इतके बारकावे पाहत नाही. ब्रिटनच्या 1967 च्या गर्भपात कायद्यात विवेकाच्या कारणाने नकार देण्याची मुभा आहे. ती किती पसरते यावर ग्लासगोच्या दोन कॅथोलिक सुईणींनी खटला लढवला. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मुभा प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांपुरती आहे, देखरेख आणि पाळ्या लावण्याच्या कामाला ती लागू नाही. रोमच्या पंडितांनी शतकानुशतके मोजलेले अंतर लंडनच्या न्यायाधीशांनी आपल्या पट्टीने मोजले. भारताच्या 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात अशी मुभाच नाही. उलट भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनुसार (2023 मध्ये नवे आचारनियम जाहीर झाले होते, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि हेच पुन्हा लागू झाले), वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या आधारावर नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपात करण्यास डॉक्टरने नकार देऊ नये. आपल्याला ते काम येत नाही असे त्याला वाटत असेल तरच अपवाद. म्हणजे धर्म सांगणाऱ्याला सवलत नाही, अकौशल्य सांगणाऱ्याला आहे. प्रामाणिक माणसाला आडवळण घ्यायला लावणारा हा नियम सदोष आहे. मात्र त्यामागची चिंता खोटी नाही. तालुक्याच्या गावात एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असेल तर त्याच्या नकाराची किंमत परभणीपर्यंतच्या प्रवासाच्या रूपाने एखादी मजूर बाई मोजते.

सरकारी कर्मचाऱ्यांनी आणीबाणीत याहून कठीण काळ पाहिला. 1976 मध्ये शिक्षकांपासून महसुली कर्मचाऱ्यांपर्यंत अनेकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे होती. पोप सहावे पॉल यांनी 1968 च्या परिपत्रकात नसबंदी आणि कृत्रिम संततिनियमन नाकारले होते. कॅथोलिक शिक्षकासाठी ती सक्ती दुहेरी होती.

धर्म आणि नोकरीची टक्कर उलट दिशेनेही होते. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. हे कॉलेज कॅथोलिकांचे नव्हते, स्कॉटिश मिशनचे होते. पण आपली संस्था आपल्या श्रद्धेने चालवायची म्हटले की कर्मचाऱ्याच्या विवेकाचे काय, हा प्रश्न मिशनच्या प्रत्येक शाळेला आणि दवाखान्याला लागू आहे.

सर्वांत जास्त माणसांना भेडसावणारा प्रकार बातमीत येत नाही. वरिष्ठाने खोट्या बिलावर सही करायला सांगणे, न आलेल्या मजुरांची हजेरी मांडायला लावणे. इथे कॅथोलिक शिकवण अनपेक्षितपणे कठोर आहे. फादरपुढे पाप कबूल करून क्षमा मिळते, पण लुबाडलेले परत करण्याची जबाबदारी उरतेच. हुकूम देणारा आधी बांधील, आणि त्याने भरपाई केली नाही तर हातभार लावणाराही.

राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. नोकरीतल्या अडचणी व्यवहारात सुटतात त्या पाळीची अदलाबदल, दुसरा विभाग किंवा समजूतदार वरिष्ठ यांच्यामुळे. म्हणून नकार द्यायचाच असेल तर तो रुजू होतानाच, लेखी आणि पर्याय सुचवून द्यावा. रुग्ण टेबलावर असताना देऊ नये.