मोबाईलचे चावडीवाचन



आज आपल्या जऊळक्यात बहुतेक घरी मोबाईल आहे. काही घरांत मोबाईल एक आणि वापरणारे पाच! त्याच्यावरच सोयाबीनचा भाव पाहायचा, मामाशी बोलायचे, बँकेचा निरोप वाचायचा, आणि आपला अभ्यासही त्याच्यावरच. म्हणजे घरातल्या किती गोष्टी त्या वीतभर डब्यात साठतात पाहा. त्या तिथे सुरक्षित आहेत काय? आणि कोणाला काय दाखवायचे हे ठरवतो कोण? हे आपण आज समजून घेऊ.

सिस्टीम म्हणजे वाड्याचा कारभारी

मोबाईलची काच, बॅटरी, कॅमेरा हे झाले त्याचे शरीर. हे शरीर ज्या मोठ्या आज्ञावलीच्या सांगण्याने चालते, तिला चालन प्रणाली किंवा नुसतेच ‘सिस्टीम’ म्हणतात. मोबाईल हा एक वाडा समजा. ॲप म्हणजे वाड्यातले भाडेकरू आणि सिस्टीम म्हणजे वाड्याचा कारभारी. कॅमेरा, माईक, फोन नंबरांची यादी, आपण कुठे आहोत हे सांगणारे लोकेशन, या सर्व खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा कारभाऱ्याजवळ असतो. भाडेकरूने चावी मागितली तर द्यायची की नाही, हे तो आपल्याला विचारतो. निदान त्याने विचारले पाहिजे!

आता तुम्ही म्हणाल, कारभारीच लबाड निघाला तर? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आपल्या गावातच सापडते.

उघडी आज्ञावली

सातबाऱ्याचे चावडीवाचन वडील माणसांना ठाऊक आहे. तलाठी सर्वांसमोर नोंदी वाचून दाखवतो. कोणाचे क्षेत्र कमी लागले, कोणाचे नाव चुकले, तर तो खातेदार तिथेच उठून सांगतो, “भाऊ, हे बरोबर नाही.” सातबारा संगणकावर घेतला तेव्हाही गावोगावी असे वाचन झाले. कागद कपाटात बंद राहिला असता तर चूकही कपाटातच राहिली असती.

आज्ञावलीचेही असेच दोन प्रकार आहेत. काही कंपन्या ती कुलुपात ठेवतात. काही ती सर्वांना वाचायला, तपासायला आणि सुधारायला मोकळी ठेवतात. या दुसऱ्या प्रकाराला ‘ओपन सोर्स’ किंवा मुक्तस्रोत म्हणतात. १९९१ साली फिनलंड देशातील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स नावाची आज्ञावली लिहायला घेतली आणि जगाला मोकळी करून दिली. आज अँड्रॉइड उभे आहे ते या लिनक्सच्याच पायावर. अँड्रॉइडची घोषणा २००७ साली झाली, आणि त्याचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. २०१७ साली आलेला बटणांचा जिओफोन काहींनी पाहिला असेल. त्याच्यातली कायओएस ही सिस्टीमसुद्धा फायरफॉक्स ओएस या मुक्तस्रोत सिस्टीमपासून तयार झाली होती.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. अँड्रॉइडचा पाया मोकळा असला तरी दुकानातल्या बहुतेक फोनांत कंपन्या आपले स्वतःचे बंद भाग वरून जोडतात. पाया उघडा आणि माडी बंद, असा तो वाडा असतो. म्हणून काही लोक मोकळ्या पायावर स्वतःच सिस्टीम बांधतात. लिनिएज ओएस ही २०१६ च्या अखेरीस सुरू झालेली सिस्टीम जगभरचे स्वयंसेवक चालवतात. आपल्या देशातही आयआयटी मद्रास येथून जानेवारी २०२३ मध्ये भारोएस नावाची सिस्टीम पुढे आली. तिच्यात आधीपासून भरलेली ॲप नसतात.

सिस्टीम उघडी, माणूस झाकलेला

“मायबाई! सिस्टीम उघडी म्हणजे माझे फोटो पण उघडेच का?” असे कोणी विचारील. नाही हो! येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. उघडी असते ती आज्ञावली, आपली माहिती नव्हे. रेल्वेचे वेळापत्रक स्टेशनवर सर्वांसाठी लावलेले असते, म्हणून प्रवाशाचे गाठोडे कोणी सोडून पाहत नाही. कुलूप कसे बनते हे सगळ्या कारागिरांना ठाऊक असले तरी आपली किल्ली आपल्याच खिशात असते.

आपली माहिती झाकून ठेवणे हा आपला हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ साली संसदेने माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेतली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

सोय हवी की आडोसा?

मोकळ्या सिस्टीममध्ये कोणती सोय घालावी आणि कोणती घालू नये, यावर लोक खूप वाद घालतात. अगदी ग्रामसभेसारखे! एक म्हणतो सोय वाढवा, दुसरा म्हणतो आडोसा वाढवा. गंमत अशी की दोघांचेही थोडे थोडे खरे असते.

साध्या बॅटरीचेच उदाहरण घ्या, म्हणजे अंधारात उजेड पाडणारी. पूर्वी फोनवर उजेडासाठी वेगळे ॲप घ्यावे लागे. अमेरिकेत अशा एका फार खपलेल्या ॲपवर २०१३ साली सरकारी कारवाई झाली. ते उजेड तर देत होते, पण माणूस कुठे आहे ही माहिती गुपचूप जाहिरातवाल्यांना पाठवत होते. २०१४ च्या अँड्रॉइडमध्ये बॅटरी सिस्टीममध्येच आली, आणि परक्या ॲपची गरजच उरली नाही. येथे सोय वाढली आणि आडोसाही वाढला.

लोकेशनचे तसे नाही. वाट दाखवणाऱ्या ॲपला आपला ठिकाणा लागतोच. पण वाट संपल्यावरही ते पाळत का ठेवते? सुधारणा हळूहळू झाल्या. २०१५ पासून अँड्रॉइड एकेक परवानगी वेगळी विचारू लागले. २०१९ पासून ‘फक्त ॲप वापरताना’ असा पर्याय आला. २०२१ पासून कॅमेरा किंवा माईक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली.

आपल्या देशातही असा वाद झाला आहे. कोरोनाच्या काळात, २ एप्रिल २०२० रोजी, आरोग्य सेतू हे सरकारी ॲप आले. साथ रोखायला माहिती हवी, हे सर्वांना मान्य होते. पण ती कोठे जाते, किती दिवस राहते, असे जाणकारांनी विचारले. तेव्हा २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइडच्या ॲपची आज्ञावली सरकारने सर्वांसाठी मोकळी केली आणि दोष दाखवणाऱ्यांसाठी बक्षीसही ठेवले. विचारणारे होते म्हणून कागद चावडीवर आला!

आणखी एक गोष्ट. परवानगीचा प्रश्न इंग्रजीत आला तर आजीने काय समजावे? ती आपली ‘हो’ दाबून मोकळी होते. म्हणून असल्या सिस्टीमचे आणि ॲपचे मराठी भाषांतर करणारे स्वयंसेवकही मोठेच काम करतात. न कळलेल्या भाषेत विचारणे हे न विचारल्यासारखेच आहे.

ऐकणारा हवा

तर मग उघडी सिस्टीम म्हणजे काळजी मिटली का? नाही. ओपनएसएसएल नावाची एक मोकळी आज्ञावली जगभर वापरली जाते. तिच्यात २०१२ साली एक भोक राहिले. कोणीही वाचू शकत होते, तरी ते सर्वांपुढे आले एप्रिल २०१४ मध्ये. चावडीवर वाचन झाले, पण ऐकणारे घरी झोपले, तर उपयोग काय? उघडेपणाला जागरूक माणसांची जोड हवी.

पेरणीच्या दिवसांत हे आपल्या कामाचे

पेरणी आली की घरोघर पैशाची ओढाताण असते. अशा वेळी ‘पाच मिनिटांत कर्ज’ म्हणणारी ॲप पुढे येतात. त्यांतली लबाड ॲप फोन नंबरांची यादी आणि फोटो मागतात. हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून माणसाची अब्रू काढतात. असे प्रकार देशात पुष्कळ झाले. म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला की, कर्जाच्या ॲपने फोन नंबरांची यादी, फोटो आणि फाइली, कोणाला फोन केले त्याची नोंद, यांना हात लावू नये. तेव्हा कर्जाच्या ॲपने नंबरांची यादी मागितली की सरळ म्हणावे, “काहून पाह्यजे तुले?” आणि ते ॲप काढून टाकावे. कोणी फसलेच, तर लाजू नये, लपवू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

घरी जाऊन करून पाहा

१. आई-बाबांना जवळ बसवून फोनची ‘सेटिंग’ उघडा. त्यात ‘प्रायव्हसी’ आणि मग ‘परमिशन मॅनेजर’ शोधा. काही फोनांत नाव किंवा जागा थोडी वेगळी असते.

२. माईक, कॅमेरा, लोकेशन आणि नंबरांची यादी कोणाकोणाला दिली आहे ते मोठ्याने वाचा. हेच आपले चावडीवाचन!

३. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, “तुझ्या कामाला हे लागते का?” गणकयंत्राच्या ॲपला माईक कशाला? लागत नसेल तर परवानगी बंद करा.

४. न वापरलेली ॲप आई-बाबांना विचारून काढून टाका.

५. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

ज्यांच्या घरी वाचता येणारे माणूस नाही, त्यांना आपण वाचून दाखवू. शेजारच्या आजीच्या फोनचेही वाचन करू. पण तिला विचारूनच, बरे का! तिचा फोन, तिची परवानगी.

सांगा पाहू

आपल्या शाळेसाठी आपणच एक ॲप बनवायचे ठरले, तर त्यात मुलाचे नाव, हजेरी, घरचा नंबर आणि फोटो यांपैकी काय ठेवावे आणि काय ठेवू नये? ते कोणाकोणाला दिसावे? आपले उत्तर कारणासह कागदावर लिहून या फलकाखालच्या पेटीत टाका. पालकांनीही टाकावे. आलेली उत्तरे पुढच्या अंकात लावू आणि त्यांच्यावर वर्गात चर्चा करू.